उणे चाळीस

साहित्यविषयक लेखांच्या पंक्तीत मोटारगाडीच्या बिघाडाची हकीकत वाढायला आम्ही बसलो आहोत, त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. गाड्यांतले आम्हांला काही कळत नाही. आयुष्याची सव्वीस वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेली. यंत्राशी संबंध आला तो सायकलची उतरलेली चेन बसवण्यापुरता. तरीही हे लिहावेसे वाटले, कारण जे घडले ते शेवटी वाचनाचे प्रकरण होते. एक खूण दिसली. ती जाणत्यांनी एका रीतीने वाचली, दुसऱ्या एकाने दुसऱ्या रीतीने वाचली. आणि या दोन वाचनांच्या फरकात आमचे स्वतःचे एक जुने वाचन उघडे पडले. (‘आम्ही’ म्हणजे आम्ही एकटेच. मास्तरकीत अंगवळणी पडलेले हे अनेकवचन आता सुटण्यातले नाही. पुढे एका ठिकाणी मात्र त्याचा अर्थ बदलणार आहे, तेवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

गाडी विजेची. काही वर्षांपूर्वी जुनी, म्हणजे दुसऱ्याने वापरलेली, घेतली. पेट्रोलच्या भावाला कंटाळून घेतली असे आम्ही लोकांना सांगतो. खरे कारण असे की तिचा आवाज होत नाही. दोन-अडीच वर्षे तिने काही तक्रार केली नाही. मग एका एप्रिलमध्ये समोरच्या पडद्यावर कासवाचे चित्र उमटले. विजेच्या अनेक गाड्यांत ही सोय असते: आत काही बिनसले आहे अशी शंका आली की गाडी आपली ताकद आपणच कमी करून घेते आणि चालकाला ते कासव दाखवते. चाळीसच्या पुढे वेग जाईना. दारव्ह्याच्या चढावर मागच्या ट्रकने हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

एका मोठ्या शहरातल्या कार्यशाळेत गाडी नेली. तिथल्या तरुणाने यंत्र जोडून बिघाडाचा संकेत वाचला आणि आम्हांला कागदावर छापून दिला. पी-०-ए-२-डी. त्यापुढे इंग्रजी ओळ होती: ‘ड्राइव्ह मोटर ए टेम्परेचर सेन्सर सर्किट हाय’. तरुणाने समजावले की मोटरीचे तापमान मोजणारा सेन्सर गेला आहे. तो मोटरीच्या वेटोळ्यांतच गाडलेला असतो, सुटा मिळत नाही. म्हणून मोटरच बदलावी लागेल. खर्चाचा आकडा दीड लाखाच्या पुढे होता. त्याच्या तर्कात आम्हांला खोट दिसली नाही. संकेत सेन्सरकडे बोट दाखवतो, सेन्सर मोटरीत आहे, म्हणून मोटर बदला. शिवाय ओळीत शेवटी ‘हाय’ असा शब्द होता. एप्रिल महिना, यवतमाळचे ऊन; मोटर तापली असणार हे आम्ही आपले मनाशी पक्के केले. गाडी विकून टाकावी असा विचार करत कासवगतीने परतलो.

इथे थोडे यंत्रपुराण सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. विजेच्या किंवा हायब्रिड गाडीची मोटर घरच्या पंख्यासारखी नुसता प्रवाह दिला की फिरत नाही. बहुतेक गाड्यांत तिच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात. भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांतून प्रवाह सोडण्याचे काम इन्व्हर्टर नावाचा भाग करतो, आणि तो प्रवाह नेमका केव्हा सोडायचा हे ठरवण्यासाठी चुंबक या क्षणी कोणत्या कोनात आहेत हे त्याला ठाऊक असावे लागते. झोका देणाऱ्याला झोका कुठवर आला आहे हे दिसले नाही, तर तो पुढे ढकलण्याऐवजी येणाऱ्या झोक्याला हात आडवा घालील, तसेच हे.

कोन सांगण्याचे काम बहुतेक गाड्यांत रिझॉल्व्हर करतो. मोटरीच्या दांड्यावर लोखंडाची एक उंचसखल कडेची चकती असते आणि तिच्याभोवती तीन वेटोळी. एका वेटोळ्याला सेकंदाला दहा हजार वेळांच्या आसपास हेलकावणारा सौम्य प्रवाह दिला जातो. चकती फिरते तशी उरलेल्या दोन वेटोळ्यांतून दोन उत्तरे येतात, एक कोनाच्या साइनच्या प्रमाणात, दुसरे कोसाइनच्या. शाळेत त्रिकोणमिती शिकताना जे सूत्र आम्ही न समजता पाठ केले होते ते इथे पहारा देत उभे असते: दोन्हींच्या वर्गांची बेरीज सदैव तीच आली पाहिजे. दोन साक्षीदार वेगवेगळे बोलतात, पण त्यांचा ताळा जमावा लागतो. जमला नाही तर गाडीचा संगणक तक्रार नोंदवतो, आणि ही तक्रार तीन प्रकारची असू शकते: साक्ष आलीच नाही, साक्ष आली पण क्षीण, साक्ष येते आहे पण तिचा माग ठेवता येत नाही. जीर्ण पोथ्या हाताळलेल्यांना ही यादी ओळखीची वाटेल.

दुसरा सेन्सर तापमानाचा. तो एक साधा थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, थंड झाला की वाढतो. संगणक त्याला पाच व्होल्टचा दाब एका रोधातून देतो आणि परत किती दाब शिल्लक राहिला ते पाहून तापमान ठरवतो. सेन्सर तापलेला तर दाब कमी. थंड तर दाब जास्त.

हे संकेतही अंदाधुंद नसतात. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना बिघाडाचे प्रमाणित संकेत देणारी व्यवस्था सक्तीची झाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९७ मध्ये, जपानात टोयोटाची ‘प्रियस’ विक्रीला आली आणि हायब्रिड गाड्यांचे युग सुरू झाले. त्यांच्यासाठी या वर्णमालेत ‘पी-०-ए’ने सुरू होणारा वेगळा वर्ग पडला. पी-०-ए-२-ए पासून पुढचे काही संकेत मोटरीच्या तापमानाचे, पी-०-ए-३-एफ पासून पुढचे तिच्या कोनाचे. एक अक्षर बदलले की अर्थ बदलतो. हे सारे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. पण इंग्रजी वाचता येत होते, आणि पुढे कळले त्याप्रमाणे आम्ही तेवढेही नीट वाचले नव्हते.

मे महिन्यात एका लग्नासाठी पांढरकवड्याला निघालो. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. वाटेत कासव होतेच. मध्येच त्याच्या जोडीला लाल दिवा लागला आणि गाडी जागीच निःशब्द झाली. एरवीही ती निःशब्दच असते, त्यामुळे बंद पडली हे कळायला दोन क्षण गेले. कडुलिंबाखाली वीसेक मिनिटे काढून, सर्व यंत्रांवरचा सनातन उपाय म्हणून ती पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केली. सुरू झाली. रांगत रांगत पांढरकवड्याच्या वेशीपर्यंत पोहोचलो. तिथे चहावाल्याने सांगितले की जवळच एक पोरगा ई-रिक्षा आणि विजेच्या स्कूटरी दुरुस्त करतो, मोठ्या गाड्याही पाहतो.

पत्र्याच्या शेडमधून जो बाहेर आला त्याने आम्हांला पाहताच हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. “सर, ओळखलं का?” आम्ही ओळखले नाही. त्याने वर्ष सांगितले, वर्ग सांगितला. मग एक मागचा बाक आठवला, त्यावर खिडकीशी बसलेला एक मुलगा आठवला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात तो येईनासा झाला होता. पुढे आय. टी. आय. केले, नागपुरात काही वर्षे विजेच्या गाड्यांच्या कामावर काढली, आणि आता हे दुकान. त्याचे नाव इथे देत नाही. त्याची तशी इच्छा आहे.

आम्ही खिशातून तो छापील कागद काढून दिला आणि मोटर बदलावी लागणार असल्याचे सांगितले. त्याने ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग बोट ठेवून म्हणाला, “सर, याच्यात ‘सेन्सर’ नाही लिवलेलं. ‘सेन्सर सर्किट’ लिवलं आहे.”

आजन्म विद्यार्थ्यांना ‘शब्द सोडू नका’ म्हणून बजावणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले. संकेत सेन्सर बिघडला असे म्हणतच नव्हता. सेन्सरपासून संगणकापर्यंतच्या वाटेत कुठेतरी बिघाड आहे, एवढेच तो म्हणत होता. त्या वाटेत सेन्सर आहे, तारा आहेत, जोडण्या आहेत, आणि ऐकणारा संगणकही आहे. “आणि हा ‘हाय’?” आम्ही विचारले. “हाय म्हणजे गरम नाही सर. व्होल्टेज हाय. तार तुटली की पाच व्होल्ट तसेच्या तसे परत येते. मशीनला वाटते लय थंडी आहे.”

त्याने आपले यंत्र जोडले, गाडी चालू न करता नुसती जागी केली आणि आम्हांला पडदा दाखवला. मोटरीचे तापमान: उणे ४० अंश सेल्सिअस.

वर पत्रा तापला होता, खाली माती तापली होती, आमच्या डोक्यावर रुमाल होता. उणे चाळीस! (सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापांत जो आकडा एकच येतो तो हाच, असे आम्हांला विज्ञानाच्या एका सहकाऱ्याने नंतर सांगितले.) हा आकडा कुणी मोजलेला नव्हता. तक्त्यात सर्वांत खालचा म्हणून तो होता. संगणकाला ‘काही ऐकू येत नाही’ असे म्हणता येत नाही. त्याला काहीतरी आकडा वाचावाच लागतो, आणि पूर्ण शांतता त्याच्या तक्त्यात सर्वांत कडाक्याच्या थंडीपाशी येऊन पडते.

“मोटर काही थंडी नाही पडली सर,” तो म्हणाला, “तिचं बोलणंच इथवर पोचून नाही राह्यलं.”

मग त्याने जे केले ते आम्ही स्टुलावर बसून पाहिले. यंत्रात जुन्या नोंदी होत्या. त्यांत तापमानाच्या संकेताबरोबर दुसराही एक सापडला, पी-०-ए-३-एफ, म्हणजे कोनाच्या सेन्सरच्या वाटेतला बिघाड. रस्त्यात गाडी थांबली ती याच्यामुळे: चुंबक कुठे आहेत हे कळेना, म्हणून इन्व्हर्टरने हात आखडता घेतला. आम्ही घाबरलो, एकाच्या जागी दोन सेन्सर गेले म्हणजे मोटर गेलीच. तो मात्र खुलला. एकाच वेळी दोन सेन्सर मरणे अवघड. दोघे ज्या वाटेने बोलतात ती वाट बिघडणे सोपे. या गाडीत दोन्ही सेन्सरांच्या तारा मोटरीतून एकाच छोट्या कनेक्टरमधून बाहेर पडतात, हे त्याला माहीत होते.

साहित्याच्या अभ्यासकांना इथे थबकायला हरकत नाही. पाठचिकित्सेचे पहिले सूत्र हेच आहे. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी आढळली, तर दोन लेखनिकांची डुलकी एकाच क्षणी लागली असे आपण मानत नाही. दोन्ही पोथ्या जिच्यावरून उतरल्या त्या पूर्वज पोथीकडे वळतो. डॉ. वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’ची १९७८ साली प्रसिद्ध झालेली आवृत्ती सिद्ध केली तेव्हा त्यामागे पोथ्या समोरासमोर मांडण्याची हीच शिस्त होती. समान प्रमाद समान उगमाकडे नेतो. हे आम्ही एम. ए.च्या वर्गाला वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या पोराने हे आमच्याकडून ऐकणे शक्य नव्हते. तो त्या वर्गापर्यंत पोहोचलाच नाही.

पुढची तपासणी घाईची नव्हती. मोटरीला मिळणारा दाब तीन-चारशे व्होल्टचा असतो आणि तो वाहून नेणाऱ्या जाड तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्यांच्या आसपास हात घालण्याआधी त्याने बारा व्होल्टची बॅटरी सोडवली, मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवला, रबरी हातमोजे हवा भरून तपासले आणि घातले, आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेली मिनिटे शांतपणे मोजली, कारण इन्व्हर्टरमधला साठा ओसरायला तेवढा वेळ लागतो. मग त्या जागी खरोखर दाब उरला नाही ना, हे मीटरने पुन्हा पाहिले. खात्री करून घेतल्याची खात्री. (शिकल्याशिवाय कुणी हे करू नये, हे वेगळे सांगायला नको.)

आधी त्याने इन्व्हर्टरच्या टोकाकडून तपासले. तापमानाच्या दोन तारांवर मीटर टेकवला. मीटरने ‘ओएल’ दाखवले, म्हणजे वाट तुटलेली. इथे थांबला असता तर निदान शहरातल्यासारखेच झाले असते. तो गाडीखाली गेला, मोटरीवरचा कनेक्टर सोडवला आणि थेट मोटरीच्या टोकाकडून तोच रोध मोजला. आकडा आला, आणि तक्त्यात त्या दिवशीच्या उष्म्याला जो असायला हवा त्याच्या अगदी जवळचा आला. रिझॉल्व्हरची तिन्ही वेटोळी मोजली. साइन-कोसाइनचे रोध परस्परांशी जुळले, आणि एकाचाही मोटरीच्या अंगाशी स्पर्श नव्हता. आतले दोघेही साक्षीदार धडधाकट होते.

मग त्याने कनेक्टर उजेडात धरला. दोन पिनांवर हिरवट थर होता. “कळकला,” तो म्हणाला. हा शब्द आम्ही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या आईच्या पितळी भांड्यात ताक राहिले की कळकायचे. मग कल्हईवाला यायचा. कनेक्टरच्या पिनांवरही कथिलाचा थर असतो, म्हणजे कल्हईच ती. पूर्वी कधीतरी दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी रबरी सील वाकडे बसवले होते. पावसाळ्यातले पाणी, धुण्याच्या ठिकाणचा जोराचा फवारा, हळूहळू आत झिरपत राहिले. दोन पिनांची कल्हई उडाली. एक पिन तापमानाची, एक कोनाची. गाडी हलली की दुसरी कधी लागायची, कधी सुटायची. म्हणून गाडी कधी चालायची, कधी थांबायची.

मोटर बदलली असती तरी गाडीकडचा अर्धा कनेक्टर तोच राहिला असता, आणि पावसाळ्यानंतर कासव पुन्हा आले असते.

नवा कनेक्टर यवतमाळहून यायला दुसरा दिवस लागणार होता. आम्ही लग्न उरकून संध्याकाळी पुन्हा त्याच्या शेडमध्ये येऊन बसलो. चहा झाला. आम्ही त्याच्या तर्काचे कौतुक केले आणि मास्तरी सवयीने म्हणालो, “अरे, वर्गात तर तू कधी तोंड उघडलं नाहीस.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “एकदा उघडलं होतं सर. वर्ग हसला होता.”

त्याच्या घरची भाषा कोलामी. हे आम्हांला त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हते. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव या भागांत कोलामांची वस्ती आहे. शासनाच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम, त्यांतली ही एक. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. म्हणजे कुळाने ती मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. एम. बी. एमेनो या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञाचा तिच्यावरचा ग्रंथ १९५५ सालचा आहे आणि तो आमच्या वाचनात आहे. भाषाकुलांवरच्या व्याख्यानात आम्ही कोलामीचे उदाहरण दर वर्षी देतो. त्या वर्षीही दिले असणार. उदाहरण मागच्या बाकावर बसले होते.

“तुमचं मराठी समजायचं सर,” तो म्हणाला, “तसं बोलता नव्हतं येत.” घरी कोलामी, गावात वऱ्हाडी, आणि वर्गात पुस्तकातले हे मराठी. तिसऱ्या भाषेत उत्तर जुळवेपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असायचा. ज्या एका दिवशी त्याने उत्तर दिले, त्यात एका शब्दाचे लिंग चुकले. काय उत्तर होते ते त्यालाही आठवत नाही. हसलेले आठवते.

“मीही हसलो होतो का?” आम्ही विचारले. या हकिकतीत एकवचन वापरले ते इथेच.

तो म्हणाला, “जाऊ द्या ना सर.”

तेव्हा वर्ग हसला, आणि वर्गासोबत आम्ही. हेच ते ठिकाण. इथले ‘आम्ही’ आदराचे नाही. ते खरोखरीचे अनेकवचन आहे.

त्या वर्षीच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या वहीत त्याच्या नावापुढे आम्ही काय लिहिले होते ते आम्हांला पाहायची गरज नव्हती, कारण अशा मुलांपुढे आम्ही एकच शब्द लिहीत आलो: ‘अनास्था’. म्हणजे विषयाविषयी ऊब नाही. शांतता होती, ती आम्ही थंडी म्हणून वाचली. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, आणि धुके पाहून अग्नी ठरवणाऱ्याच्या चुकीला हेत्वाभास म्हणतात. आमचा हेत्वाभास उलटा होता: धूर दिसला नाही, एवढ्यावरून चूल विझली आहे असे आम्ही ठरवले. चूल पेटती होती याचा पुरावा त्या दिवशी दुपारभर स्टुलावर बसून पाहिला होता.

आमच्या जिल्ह्यालाही असे एका आकड्याने वाचले जाते. यवतमाळ म्हटले की बाहेरच्या माणसापुढे शेतकरी आत्महत्यांचा तक्ता येतो. आकडा खोटा नाही. पण तो संकेत आहे, कारण नव्हे, आणि ‘सर्किट’ हा शब्द तिथेही गाळला जातो. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आधीच मागे घेतले गेले होते. ती एक तोडलेली तार. त्या जागी, याच जिल्ह्यातल्या आणि आत्महत्येने पती गमावलेल्या वैशाली येडे उभ्या राहिल्या आणि बोलल्या. आम्ही मंडपात होतो. आजूबाजूचे पुष्कळ प्राध्यापक चकित झाल्यासारखे दिसत होते, आणि आम्हीही त्यांत होतो. आज वाटते, चकित व्हावे असे त्यात काय होते? बोलणे तर होतेच. आमच्यापर्यंत येणारी वाट तेवढी त्या दिवशी जोडली गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कनेक्टर आला. त्याने जुन्या पिना घासून पुन्हा वापरल्या नाहीत. कापून टाकल्या आणि नव्या दाबून बसवल्या. रिझॉल्व्हरच्या तारा दोन-दोनच्या जोडीने पीळ घातलेल्या असतात, बाहेरचा गोंगाट त्यांत शिरू नये म्हणून. तो पीळ त्याने टोकापर्यंत पुन्हा राखला. सील नीट बसले की नाही ते बोटाने भोवतीभोवती चाचपून पाहिले. मग जुने संकेत पुसले, गाडी जागी केली आणि तारेचा जुडगा हाताने हलवत आम्हांला पडद्याकडे पाहायला सांगितले. तापमान ४६ अंश. हलवले, ४६. जोरात हलवले, ४६. गावाबाहेर चक्कर मारून आलो तेव्हा ५९ झाले होते, आणि उभे राहिल्यावर हळूहळू उतरू लागले. जिवंत आकडा असा असतो; तो सावकाश चढतो, सावकाश उतरतो.

पैसे त्याने कनेक्टरचे आणि दोन तासांच्या मजुरीचे घेतले. जास्त देऊ केले ते परत केले. पावती मागितली तर त्याने दुकानाच्या वहीतले पान फाडून त्यावर लिहून दिले. चार ओळी आहेत. तक्रार: गाडी हळू चालते, कधी बंद पडते. तपासणी: दोन्ही सेन्सर मोटरकडून मोजले, चांगले आहेत. कारण: कनेक्टरात पाणी जाऊन दोन पिना कळकल्या. उपाय: कनेक्टर नवीन, सील नीट बसवले. लिंग एकाही शब्दाचे चुकलेले नाही. चुकले असते तरी त्या चार ओळींतला एक शब्द काढता आला नसता. ते पान आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

कनेक्टर बदलता येतो. गेलेली वर्षे बदलता येत नाहीत. आणि त्याचे काही बिघडले होते, ते आम्ही दुरुस्त करायला हवे होते, असे म्हणणेही चूक ठरेल. आतून मोजले असते तर तो तेव्हाही बरोबरच निघाला असता. मोजायला मागच्या बाकापर्यंत जावे लागले असते, एवढेच.

यंदा जूनमध्ये वर्ग सुरू झाले. अंतर्गत मूल्यमापनाची वही तीच आहे, रकाने तेच. ‘अनास्था’ हा शब्द लिहिणे आम्ही बंद केले आहे. त्याच्या जागी काय लिहावे हे अजून ठरलेले नाही. तो रकाना सध्या कोराच जातो, आणि कार्यालयातून त्याबद्दल दोनदा विचारणा झाली आहे.